चर्च ऑफ इंग्लंडची सेकंडरी शाळा: फॉर्ममध्ये घालावी का? जाणकारांनी सांगा

मनवा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. लेक यंदा इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात आहे. ३१ ऑक्टोबरच्या आत सेकंडरीचा फॉर्म भरायचाय, लंडनमध्ये सहा शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. घरापासून सगळ्यात जवळची, चालत अकरा मिनिटं, चर्च ऑफ इंग्लंडची आहे. ओपन इव्हिनिंगला जाऊन आलो. शाळा दाखवायला नववीतली दोन पोरं दिली होती, इतकी धीट आणि नम्र की मला आपली लेक तीन वर्षांनी अशी दिसायला लागली. पण हॉलमध्ये शिरताच समोर भिंतीवर लाकडी क्रॉस, आणि हेडटीचरबाईंनी भाषणाच्या सुरुवातीलाच सांगितलं की आमच्याकडे रोज उपासना असते, ती आमच्या शाळेचा कणा आहे.

नवरा म्हणतो, बिनधास्त घाल. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर एकच शब्द बोलल्या, "बाटवतील." मला स्वतःला काय वाटतं तेच कळेना झालंय. रोजचा दिवस कसा असतो हो तिथे? आपल्यासारख्यांना प्रवेश मिळतो का? आणि ह्या शाळा चर्चच्या म्हणजे नक्की कोणाच्या? पगार कोण देतं?

---

लंडनवाली_वहिनी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मनवा, आधी एक गोंधळ काढून टाक, कारण भारतातले नातेवाईक हमखास तोच करतात. ही फीवाली शाळा नव्हे. ईटन वगैरे वेगळं प्रकरण. ही सरकारी खर्चाने चालणारी, फुकट शाळा. ब्लेझर आणि पीईचे कपडे घेताना मात्र फी परवडली असती असं वाटेल.

दुसरं, सहाच्या सहा रकाने भर. तू कुठली शाळा कितव्या नंबरवर टाकलीस ते शाळेला कळत नाही, त्यामुळे "पहिली टाकली नाही तर रागावतील" असलं काही नसतं. माझा मुलगा अशाच शाळेत सात वर्षं होता. बाटला नाही. उलट गणपतीला आरती पाठ नाही म्हणून ओशाळतो, पण "अवर फादर" झोपेत म्हणेल. त्यात दोष शाळेचा की माझा, हे तूच ठरव.

---

सुमेध_क | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

वाचतोय. आमचंही पुढच्या वर्षी.

---

धनंजय७१ | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

मी आयटीवाला, पण रविवारी लंडनच्या जुन्या गल्ल्या पालथ्या घालण्याचं व्यसन आहे. शाळा कोणाच्या, हा प्रश्न चांगला विचारलात, पण त्याचं उत्तर १६९० च्या दशकापासून द्यावं लागतं. चहा घेऊन बसा.

वेस्टमिन्स्टरला सेंट मार्गारेट्स नावाचं चर्च आहे, पार्लमेंटच्या समोर, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला खेटून. पर्यटक अ‍ॅबीच्या रांगेत उभे असतात आणि ह्याच्याकडे बघतही नाहीत. ह्या चर्चच्या पॅरिशमधल्या आठ माणसांनी १६९८ मध्ये गोरगरिबांच्या मुलांसाठी एक शाळा काढली. राजा नाही, बिशप नाही, सरदार नाही. पॅरिश म्हणजे आपल्या भाषेत चर्चचा वॉर्ड म्हणा, आणि हे त्या वॉर्डातले छोटे व्यापारी. आळीतली पोरं रस्त्यावर भीक मागतात, चोऱ्या करतात, त्यांना लिहावाचायला, धर्म आणि एखादं काम शिकवावं, इतकाच विचार. पोरांना करड्या रंगाचा डगला मिळायचा म्हणून शाळेचं नाव ग्रे कोट हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे, आसरा. १७०१ मध्ये ही शाळा टॉटहिल फील्ड्सच्या जुन्या वर्कहाऊसमध्ये (गरिबांना कामाला लावून पोसायचं घर) गेली, १७०६ मध्ये अ‍ॅन राणीने सनद दिली, १८७४ पासून ती मुलींची दिवसाची शाळा झाली. १९४१ मध्ये तिच्यावर बॉम्ब पडला, पुन्हा उभी राहिली, आणि आजही चालू आहे. आजही चर्च ऑफ इंग्लंडचीच, आजही फुकट. दर्शनी भिंतीवर करड्या डगल्यातला मुलगा आणि मुलगी अजून उभे आहेत.

तिथून पाच-सात मिनिटांवर कॅक्स्टन स्ट्रीटला ब्लूकोट शाळेची १७०९ ची छोटीशी विटांची इमारत आहे. आत आता शाळा नाही, पण दरवाज्यावरच्या कोनाड्यात निळ्या डगल्यातलं पोर आहे. देवळातल्या कोनाड्यात मारुती असतो, तसं. एकेका आळीच्या शाळेचा एकेक रंग. निळा रंग स्वस्त पडायचा म्हणून निळे डगले जास्त. आज ज्या गणवेशाच्या नावाने आपण बोटं मोडतो तो दान म्हणून मिळालेला कपडा होता, आणि पोरगं धर्मादाय शाळेचं आहे हे रस्त्यावर ओळखू यावं म्हणूनही होता. दुसरं कारण मला फारसं आवडत नाही, पण होतं.

पुढचा भाग संध्याकाळी. ऑफिस आहे.

---

नाना_नास्तिक | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

धनंजयराव, लिहिता छान, पण मूळ मुद्दा सोडू नका. माझ्या टॅक्सच्या पैशावर चर्चने शाळा चालवायची आणि माझ्याच मुलीला, आम्ही चर्चला जात नाही म्हणून, शेवटच्या रांगेत उभं करायचं. ह्याला धर्मादाय म्हणतात का?

---

लंडनवाली_वहिनी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

नाना आले. आता धागा शंभरी गाठणार :)

---

धनंजय७१ | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५५

नाना, तुमच्याकडे येतोच. आधी एक गंमत, कारण ती आपल्याकडची आहे.

अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटलंडचा पाद्री १७८९ मध्ये मद्रासला एग्मोरच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. गोऱ्या सोल्जरांची आणि देशी बायकांची मुलं तिथे होती. मास्तर मिळेनात, मिळाले ते टिकेनात. एकदा घोड्यावरून जाताना त्याला एका मलबारी शाळेत मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं काढताना दिसली. म्हणजे आपली धूळपाटी! त्याने तेच आश्रमात सुरू केलं. मास्तरांना ते कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने आठ वर्षांच्या फ्रिस्केन नावाच्या एका मुलालाच लहान मुलांचा मास्तर केलं. मोठ्याने धाकट्याला शिकवायचं. पंतोजींच्या शाळेत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं, बेलने त्याची "पद्धत" केली आणि १७९७ मध्ये लंडनला छापली. मद्रास पद्धत ह्याच नावाने ती इंग्लंडभर गेली.

१८११ मध्ये चर्चने नॅशनल सोसायटी काढली. प्रत्येक पॅरिशमध्ये गरिबांसाठी एक शाळा, असा तिचा बेत. त्या शाळा बेलच्या पद्धतीने चालल्या. सरकारने शाळांचा कायदा केला तो १८७० मध्ये, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. मनवा, आजही एखाद्या गावात चर्चशेजारी "नॅशनल स्कूल" असं दगडात कोरलेलं दिसतं ना, ते हेच. राष्ट्रीय नव्हे, नॅशनल सोसायटीचं.

तर नाना, सरकारच्या शाळेत चर्च घुसलं असं झालेलं नाही. शाळा आधी चर्चच्या होत्या, सरकार मागाहून आलं.

---

नाना_नास्तिक | १५ ऑक्टोबर, रात्री ८:१०

आधी आला म्हणून कायम मालक? गावात पाटीलही आधी आले होते.

---

विटा_चुना | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३५

पहिल्यांदाच लिहितोय. मी बिल्डिंग सर्व्हेअर आहे आणि कामानिमित्त चर्चच्या शाळांची छपरं बघत फिरतो, त्यामुळे पैशाचं थोडं सांगू शकतो.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांपुढे दोन वाटा ठेवल्या. इमारतीच्या कामांचा अर्धा खर्च तुम्ही उचला, मग गव्हर्नरांमध्ये, म्हणजे शाळेच्या कार्यकारी मंडळात, बहुमत तुमचं, प्रवेशाचे नियम तुमचे, धर्माचा तास तुमचा. ही व्हॉलंटरी एडेड. किंवा खर्च सगळा सरकारवर सोडा, मग चर्चचे गव्हर्नर अल्पमतात आणि प्रवेश कौन्सिलकडे. ही व्हॉलंटरी कंट्रोल्ड. दोन्हीकडे मास्तरांचे पगार सरकारी. पुढे चर्चला अर्धाही झेपेना, तो वाटा उतरत उतरत आता दहा टक्क्यांवर आलाय. आता बऱ्याच शाळा अकॅडमी झाल्यात, त्यांचा करार थेट शिक्षण खात्याशी.

नानांचं म्हणणं मला पटतं, म्हणजे दहा टक्क्यांत बहुमत स्वस्तच पडलं. पण जमीन विसरू नका. १८४१ चा एक कायदा होता, त्यात जमीनदाराला शाळेसाठी एकरभरापर्यंत जागा देता यायची, आणि शाळा बंद पडली तर जागा मूळ मालकाच्या वारसांकडे परत. आजही जुनी शाळा हलवायची म्हटलं की वकील दीडशे वर्षांपूर्वीच्या दात्याचे वारस शोधत बसतात. मी स्वतः एका जुन्या शाळेच्या मोडक्या कंपाउंडसमोर उभं राहून ऐकलंय, "भिंत दुरुस्त करा, पण ती कोणाची आहे ते विचारू नका."

---

केंटची_बाई | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

मी एका चर्च सेकंडरीत टीचिंग असिस्टंट आहे, आठ वर्षं झाली. शाळेचं नाव सांगणार नाही. मनवाताई, रोजचा दिवस विचारलात ना, तो असा.

आठ पस्तीसला घंटा. त्याआधी गेटवर एक डेप्युटी हेड उभे, पाऊस असो की बर्फ, हातात क्लिप-ऑन टायची पिशवी. टाय विसरलेल्याला उसना टाय, संध्याकाळी परत करायचा. मग आपापल्या फॉर्मरूममध्ये हजेरी. आठवड्यातून एकदा प्रत्येक इयरची उपासना हॉलमध्ये होते, बाकीचे दिवस वर्गातच. हॉलमध्ये दोनशे मुलं गप्प बसून आत येतात. गप्प म्हणजे खरंच गप्प, हे मला आठ वर्षांनीही नवल वाटतं. टेबलावर एक जाड मेणबत्ती. ती पेटवायला पाळीपाळीने मूल पुढे येतं. पेटवताना काडीऐवजी गॅसचं लांब लायटर असतं, ते हमखास पहिल्या तीन खटक्यांत पेटत नाही, आणि सगळा हॉल श्वास रोखून बघत असतो. उपासना मला तरी तीच वाटते.

मग चॅप्लिन, म्हणजे शाळेचे पाद्री, किंवा एखादे सर बोलतात, सात-आठ मिनिटं. आठवड्याचा एक विषय असतो: क्षमा, कृतज्ञता, परका पाहुणा. बायबलमधली गोष्ट, त्याला जोडून फुटबॉल नाहीतर बातमी. शेवटी चॅप्लिन म्हणतात, "आता मी एक प्रार्थना म्हणतो. ती तुमची वाटली तर शेवटी आमेन म्हणा." नाही म्हटलं तर कोणी बघत नाही. कायद्याने आईवडलांना मुलाला उपासनेतून बाहेर ठेवता येतं, आणि सिक्स्थ फॉर्मच्या (आपल्या अकरावी-बारावीच्या) मुलांना स्वतःच. आमच्याकडे आठ वर्षांत असं पत्र मी दोनदा पाहिलं. दोन्ही मुलं मग लायब्ररीत एकटी बसायची आणि थोड्या दिवसांनी आपणहून हॉलमध्ये आली, कारण लायब्ररीत कंटाळा.

नंतर दिवस कुठल्याही शाळेसारखाच. गणित, सायन्स, कॉरिडॉरमध्ये डावीकडून चाला, फोन दिसला तर जप्त. जेवण अंगठा लावून. व्हेज पोरांना चीज-कांद्याची पेस्ट्री किंवा जॅकेट पोटॅटो, आणि शुक्रवारी चिप्ससाठी सर्वधर्मसमभाव. डबा चालतो. पण लसणाची चटणी देऊ नका हो, एका मुलाला अख्ख्या टेबलाने "हे काय आहे" म्हणून विचारून विचारून रडवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तीच पोरं त्याच्याकडे चटणी मागत होती, पण पहिला आठवडा त्याचा वाईट गेला.

वर्षातून काही वेळा युकारिस्ट, म्हणजे ब्रेड आणि वाइनचा विधी. ज्यांची दीक्षा झालेली नाही त्यांनी रांगेत जायचं असेल तर हात छातीवर फुलीसारखे धरायचे, मग पाद्री फक्त आशीर्वाद देतो. नाही गेलं तरी चालतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नव्या मुलांना कोणी आधी सांगत नाही आणि ती घाबरून इकडेतिकडे बघत बसतात. लेकीला घरीच सांगून ठेवा.

अ‍ॅश वेन्सडेला कपाळावर राखेचा क्रॉस लावतात, ज्याला हवा त्याला. सातवीतली एक तमिळ मुलगी लावून आली आणि म्हणाली, "मिस, माझे आजोबा रोज लावतात, पण आडवी."

---

मनवा | १६ ऑक्टोबर, रात्री ९:०१

बाई, किती छान लिहिलंत. हे वाचून लेकीला हात छातीवर कसे धरायचे ते दाखवलं, तर म्हणाली, "आई, हा ब्लॅक पँथर सिनेमातला वाकांडाचा सलाम आहे." झालं, ती तयार आहे.

धर्माच्या तासाला काय शिकवतात?

---

केंटची_बाई | १६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

ख्रिश्चन धर्म जास्त, पण बाकीचेही सगळे. जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेला, आता दोन धर्म अभ्यासावेच लागतात, आमच्याकडे दुसरा इस्लाम आहे. सातवी-आठवीत हिंदू धर्मही असतो. तेव्हा लेकीला तयार ठेवा, कारण वर्ग तिच्याकडेच वळून बघणार. "तू हिंदू आहेस ना, मग हे खरं का?" माझ्यासमोर एका गुजराती मुलाला कोणीतरी विचारलं, "तुमच्यात किती देव आहेत?" तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरात अकरा, बाकीच्यांचं मला माहीत नाही."

---

देवळालीकर | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

नाशिकहून लिहितो. वय सत्तरीच्या पुढे, तेव्हा टंकलेखनाच्या चुका पदरात घ्या.

धनंजय यांनी मद्रास सांगितले, मी मुंबई सांगतो. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याच्या पुढाकाराने फोर्टातले सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उघडले. त्यांनीच चर्चला जोडून गरीब युरोपीय मुलांची एक छोटी धर्मादाय शाळा काढली. म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या त्या डगलेवाल्या शाळांचीच ही मुंबईतली बहीण, वयानेही फार धाकटी नव्हे. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली आणि ती शाळा तिच्याकडे आली. पुढे भायखळ्याला मोठी शाळा झाली, आणि १९२५ मध्ये ती देवळालीला माळावर आली. तीच आमची बार्न्स स्कूल. मी भगूरहून सायकलवर जायचो.

आता ह्यात आपला मराठी धागा पहा. ह्याच सोसायटीने १८२० मध्ये देशी मुलांच्या शाळा आणि पुस्तके ह्यांसाठी एक वेगळी समिती नेमली. दोन वर्षांत ती समिती सोसायटीपासून अलग होऊन स्वतंत्र संस्था झाली. कॅप्टन जॉर्ज जर्विस तिचे चिटणीस, सदाशिव काशिनाथ छत्रे हे देशी चिटणीस, पुढे बाळशास्त्री जांभेकरही त्या कामात. मराठीतली सुरुवातीची छापील शालेय पुस्तके तिथून निघाली. अलग का झाली, तर धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या हातून देशी लोकांच्या शाळा चालवणे बरे दिसत नव्हते. तेव्हा "बाटवतील" ही शंका सूनबाईंच्या सासूबाईंचीच नाही, दोनशे वर्षे जुनी आहे, आणि त्या काळच्या साहेबालाही ती ठाऊक होती.

आमच्या वेळी चॅपलमध्ये सगळ्यांनी उभे राहायचे. मी उभा राहिलो. घरी आल्यावर आजी ओट्यावर चढण्याआधी पायांवर पाणी घाल म्हणायची. पाणी घातले. दोन्हींचे काही बिघडले नाही.

---

लंडनवाली_वहिनी | १७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

काका, _/\_

---

नाना_नास्तिक | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

काकांना माझाही नमस्कार. पण प्रवेशाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मीच बोलतो.

आमच्या भागातल्या चर्च शाळेत बहुतेक जागा "फाउंडेशन", म्हणजे चर्चला नियमित जाणाऱ्यांसाठी. त्यासाठी जादा फॉर्म, त्यावर व्हिकारची, म्हणजे पॅरिशच्या पाद्र्याची, सही की हे कुटुंब इतकी वर्षं, महिन्यातून इतक्यांदा येतं. त्यामुळे इथे इंग्रजांतच एक म्हण पडलीय, गुडघे टेका आणि फी वाचवा. मूल तीन वर्षांचं झालं की आईबाप अचानक भाविक होतात आणि १ मार्चला ऑफर आली की रविवार पुन्हा रिकामा. माझा शेजारी हेच करून बसला. मला तो गोरा नास्तिक आणि मी तपकिरी नास्तिक ह्यांत फरक एवढाच दिसला की त्याला स्तोत्रांच्या चाली येत होत्या.

---

शेजारी_पार्क | १७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

नाना, पूर्ण अनुमोदन, आणि माझी कर्मकहाणी. एका शाळेत थोड्या जागा इतर धर्मांच्या मुलांना होत्या, त्यासाठी आपल्या प्रार्थनास्थळाच्या अधिकाऱ्याची सही हवी होती की कुटुंब नियमित येतं. आता मला सांगा, देवळात हजेरीपट असतो का? आम्ही जातो, घंटा वाजवतो, नमस्कार करतो, घरी. ज्या देवळात जायचो तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, "मी तुम्हाला ओळखत नाही." खरंच होतं ते, माझी ओळख फक्त आतल्या देवाशी होती. महाराष्ट्र मंडळाची सही चालेल का विचारलं तर शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी प्रामाणिकपणे विचारलं, "तिथे उपासना होते का?" मी म्हटलं, नाटक होतं. नाही चालली.

अपील केलं. तीन जणांसमोर वीस मिनिटं. हरलो. मुलगा दुसऱ्या शाळेत गेला, खूश आहे, पण मला ते अजून लागतं.

---

धनंजय७१ | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

शेजारी, वाईट वाटलं. पण प्रत्येक शाळेचे नियम वेगळे, हे मनवा यांनी नीट बघावं. नियमावली शाळेच्या साइटवर असतेच, ती ओळ न् ओळ वाचा. कौन्सिलच्या ताब्यात असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या मुलांना सगळीकडे आधी घेतात. काही चर्च शाळा फक्त अंतर बघतात, चर्च अजिबात नाही. आणि २०१० नंतर निघालेल्या फ्री स्कूलना, म्हणजे सरकारी पैशावरच्या नव्या शाळांना, अर्ध्याहून जास्त जागा धर्मावर देता येत नाहीत, अशी मर्यादा घातली गेली.

नव्या शाळेचं उदाहरण म्हणजे ग्रीनफर्डची विलियम पर्किन हायस्कूल, २०१३ ची. अ‍ॅक्टनच्या ट्वायफर्ड ह्या चर्च शाळेच्या ट्रस्टने ती काढली. नाव संताचं नाही, रसायनशास्त्रज्ञाचं. पर्किनने १८५६ मध्ये, अठराव्या वर्षी, ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनीन बनवायचा खटाटोप केला. क्विनीन झालं नाही, बशीत जांभळा रंग उरला. तो पहिला गाजलेला कृत्रिम रंग. पुढच्याच वर्षी त्याने ग्रीनफर्डला कालव्याकाठी कारखाना टाकला. म्हणून शाळेला त्याचं नाव. त्याच ट्रस्टने २०१८ मध्ये ईलिंगला काढलेल्या शाळेला एडा लव्हलेसचं. सासूबाईंना सांगा, चर्चची शाळा आणि नाव गणितवाल्या बाईचं.

आणि शाळा बंदही पडतात. आर्चबिशप टेनिसन्स ही १६८५ ची. १९२८ पासून ती ओव्हलच्या मैदानासमोरच होती, वर्गाच्या खिडकीतून क्रिकेट दिसायचं. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने तिथे कसोटी जिंकली तेव्हा ऑगस्टची सुट्टी होती, पोरांचं नशीब खोटं. मुलं कमी होत गेली आणि २०२३ मध्ये शाळेला कुलूप लागलं. तीनशे अडतीस वर्षं. मी गेलो होतो बघायला. रस्त्यापलीकडे सामना चालू होता, टाळ्या ऐकू येत होत्या.

---

सुमेध_क | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

देशात एकूण किती आहेत अशा शाळा?

---

विटा_चुना | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

चर्च ऑफ इंग्लंडच्या साधारण ४,६०० आणि मुलं दहा लाखांच्या आसपास. पण बहुतेक प्राथमिक, खेड्यातल्या, दोन वर्ग आणि गळकं छप्पर अशा. सेकंडरी त्यात दोनशेच्या घरात. म्हणून एवढी मारामारी.

---

मनवा | २९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

फॉर्म भरला. पहिल्या नंबरवर टाकली. नियमावली तीनदा वाचली, तिथे पन्नास टक्के जागा फक्त अंतरावर आहेत. सासूबाईंना देवळालीकर काकांचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "भगूरचे कोण?" मग अर्धा तास भगूरमधल्या नातेवाइकांवर गेला आणि विषय संपला.

---

मनवा | १ मार्च, संध्याकाळी ५:२५

मिळाली!!!

---

लंडनवाली_वहिनी | १ मार्च, संध्याकाळी ५:३१

अभिनंदन! आता ब्लेझर दोन साइज मोठा घे. ऐक माझं.

---

नाना_नास्तिक | १ मार्च, संध्याकाळी ६:००

अभिनंदन. मत तेच आहे, पण पेढे चालतील.

---

मनवा | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

धागा वर काढतेय. शाळा सुरू होऊन महिना झाला. ब्लेझरच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येतात, वहिनी, तीन साइज झाला बहुतेक. परवा मेणबत्ती पेटवायची पाळी लेकीची होती. बाई, लायटर चौथ्या खटक्यात पेटलं!

आता प्रश्न तातडीचा आहे, शाळेची बस... म्हणजे पायच, पण आठला निघायचंय. आज हार्वेस्ट फेस्टिव्हल आहे. प्रत्येकाने फूडबँकेसाठी एक टिकणारी वस्तू आणायची, ती हॉलमध्ये क्रॉससमोर मांडणार. घरात फक्त छोल्यांचे डबे आणि पाच किलो तूरडाळ आहे. छोले चालतील का?

---

केंटची_बाई | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:५१

धावतील. वर कडी असलेला डबा द्या. ओपनर सगळ्यांकडे नसतो.